खुर्चीच्या हातांवरचे दोन डाग

मित्रांनो, मी समुद्रकाठच्या साल्वादोर शहरातल्या वैद्यकीय विद्यापीठातली एक जुनी, हातांची खुर्ची आहे. माझं लाकूड काळं आणि मला घडवणारा सुतारही काळा. त्याने मला दारातूनच आत दिलं. घटकाभर टेकून बघ, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

पुढे पिढ्यान्पिढ्या माझ्यावर डॉक्टर होणारी मुलं बसली. त्यांचा रंग कुणी विचारत नसे. विचारायचं काय? सगळी एकाच रंगाची. बसणारे गोरे, पुसणारी काळी, असा माझा साधा हिशेब. पुसणारीचं नाव झेनाइद. ती आंघोळ घातल्यासारखी मला पुसायची आणि पुटपुटायची, "तुझं बरं आहे बाई, काळी असून वर्गात बसतेस."

मग काळ्या-सावळ्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवणारा कायदा आला. लगेच गोऱ्या घरांना सावळ्या पणज्या आठवू लागल्या. म्हणून समिती नेमली. नियम असा, की आजी-पणजी धरायची नाही, समोरचा चेहराच पाहायचा. एक प्रखर दिवा, एक कॅमेरा आणि उमेदवाराला बसायला मी. झेनाइद तोवर निवृत्त झाली होती. तिच्यामागे मला कुणी धड पुसलंही नाही.

एके दिवशी काइयो आला. त्याचे वडील विद्यार्थी असताना माझ्यावरच बसत. "गुण बघा हो, रंग कसला बघता?" हे त्यांचं पालुपद. पण मुलाचे गुण कमी पडल्यावर त्यांनीच त्याला समुद्रावर भाजायला ठेवलं आणि सलूनमध्ये केस कुरळे करून आणले. दिव्याखाली काइयोला घाम फुटला. त्याने मान पुसली आणि हात माझ्या उजव्या हातावर ठेवला. तिथे तपकिरी डाग पडला.

"सावळा आहे. मंजूर," चष्मेवाले परीक्षक म्हणाले.

त्याच्यामागून झेनाइदची नात जुसारा आली. दुधाच्या कॉफीसारखा रंग आणि नाक-ओठ थेट आजीचे. पण आजीने सकाळपासून खपून तिच्या दाट कुरळ्या केसांवर इस्त्री फिरवली होती, तोंडाला फिकट पावडर थापली होती. "मोठ्या लोकांपुढे जायचंय, पोरी. नीटनेटकं नको दिसायला?" झेनाइद स्वतः जन्मभर अशीच तर कामाला आली होती.

"केस सरळ दिसतात," चष्मेवाले म्हणाले.

"आजीने केलेत, सर."

"आजीचं इथे काही चालत नाही."

नामंजूर. जुसाराने डोळे पुसले आणि माझ्या डाव्या हातावर पावडरचा डाग ठेवून गेली. डॉक्टर व्हायची तिची जागा गेली आणि मला चार पाय असून एकही आपटता आला नाही.

तिने अपील केलं. या वेळी समिती दुसरी, प्रमुख प्रोफेसर इवोनेत. जुसारा धुतलेल्या केसांनी, कोऱ्या चेहऱ्याने आली.

"मागच्या चित्रफितीत तू वेगळी दिसतेस," इवोनेत म्हणाल्या.

"तेव्हा वाटलं होतं, मान मिळेल असं दिसायचंय. काळं दिसायचंय हे ठाऊक नव्हतं."

"आमचाही नाइलाज आहे गं. नीट बघितल्याशिवाय ओळखायचं कसं?"

"माझ्या आजीच्या हातात फडकं देताना कुणाला दिवा लावावा लागला नव्हता, मॅडम."

 इवोनेतनी दिवा विझवला आणि मंजुरीची सही केली.

जुसाराने दार उघडून आजीला आत बोलावलं. "मिळाली जागा, आजी."

"या अवतारात? शिकलेल्यांचं काही खरं नाही," झेनाइद म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर गेली. "अगं, काय दशा केलीय तुझी." तिने रुमाल काढला. डाव्या हातावरची पावडर पुसली. उजव्या हाताशी थबकली, वाकून वास घेतला.

"हे तर उन्हात अंग सावळं करायला लावतात ते तेल. इथे कोण समुद्रावर आलं होतं?"

इवोनेतनीही वाकून वास घेतला. "राहू द्या, झेनाइदबाई. माणूस बोलावते पुसायला."

"माणूस नको," झेनाइदने रुमाल घडी करून ठेवला. "ज्याने पाडलाय त्यालाच बोलवा."

मित्रांनो, रंग न बघण्याचा दिवस मलाही हवा आहे. पण तो माझ्यावर बसून गेलेल्यांनी ठरवायचा नाही. तोवर जुन्या खुर्च्यांची निगा राखा, त्या रोज पुसा. फक्त पुसण्याआधी डाग कुणाचा ते पाहा. माझा उजवा हात अजून तपकिरी आहे. मी काइयोची वाट पाहते आहे.