नेहमीचा पेशंट

तात्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली. परीक्षेला बसलेल्या मुलीच्या तेव्हा कुठे लक्षात आलं, की तक्त्याचा दिवा लावायचाच राहिलाय.

परीक्षक बाईंना हसू आवरेना. तात्या मूळचे शिंपी. कॉलेजसमोर दुकान होतं तेव्हापासून ते दृष्टितपासणीच्या प्रॅक्टिकलला पेशंट म्हणून येऊन बसत. दुकान मोडलं तरी येणं सुटलं नाही. गावोगाव डोळे तपासायला माणूस मिळेना, म्हणून कॉलेजने मुलं दुप्पट घेतली होती. तपासून घ्यायला मात्र तेच तात्या. त्यांच्या चष्म्याचा नंबर थोरल्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे वारशाने जाई. तो बाईंनाही पाठ होता. ज्याच्या वाट्याला तात्या आले, त्याचा पेपर फुटलाच म्हणायचा.

ही मुलगी मात्र जात्याच संथ. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. दिवा लावून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधेच शिपाई पाय न वाजवता आला आणि तात्यांच्या उजवीकडे स्टुलावर चहा ठेवून गेला. तात्यांना चहा गारच आवडतो, ही ऑफिसातली जुनी थट्टा होती. कप नेहमी तसाच पडून राही.

नंबर नेहमीचाच निघाला. पण यंदापासून अभ्यासक्रम कडक झाला होता. डोळ्यावर दिव्याची तिरीप पाडून, भिंगं बदलून नुसता नंबर काढण्यावर आता भागणार नव्हतं. कडेची नजर तपासायची होती, डोळ्याच्या आत पार नसेपर्यंत डोकावायचं होतं. मुलीने तात्यांना आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट हळूहळू आत आणलं. ते पार तिच्या गालाशी आलं तेव्हा तात्या दिसलं म्हणाले. तिने दुसऱ्या बाजूने आणलं. मग वरून. मग पुन्हा पहिल्यापासून. बाई घड्याळाकडे बघून खाकरल्या. बाहेर मुलं खोळंबली होती.

"बाई," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. यांना कडेचं दिसतच नाहीये."

बाई उठल्या. डोळ्याच्या आत बघायचं दिव्याचं यंत्र घेऊन त्या तात्यांच्या चेहऱ्याशी वाकल्या. एक डोळा पाहिला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा. आतली नस फिकी पडली होती आणि मधोमध वाटीसारखी खोल गेली होती. काचबिंदू, आणि तोही आजकालचा नव्हे. यात गेलेली नजर परत येत नाही, हे त्या स्वतःच वर्गात शिकवत आल्या होत्या.

"तात्या, चालताना कुठे धडकता का?"

"दाराला खांदा लागतो अधूनमधून. वय झालं, दुसरं काय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

तात्या जरा ओशाळले.

"दर वर्षी इतकी पोरं दिवे घेऊन डोळ्यांत बघतात. काही असतं तर कुणीतरी बोललंच असतं की."

बाईंनी एकेक करून सगळं सांगितलं. आजच डॉक्टरांकडे जायचं, त्या स्वतः घेऊन जातील. थेंब सुरू केले की उरलेली नजर बहुतेक टिकेल. तात्या मान डोलवत राहिले. त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. भिंतीशी मुलीचे हुंदके ऐकू येत होते.

"बाई, पोरीला नापास करू नका," ते म्हणाले. "मी नीट उत्तरं द्यायला हवी होती. हे बोटाचं नवीन आहे ना, त्यात काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. भिंगांचं मी सांभाळून घेतो, कुठे बरं दिसतं म्हणायचं ते पाठ आहे. माझ्यावर आजवर कुणी नापास झालं नाही."

"ही पास आहे, तात्या."

"मग झालं तर." त्यांना खरोखरच हायसं वाटलेलं दिसलं. "चहा यायचाय वाटतं अजून?"

कप त्यांच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यावर साय धरली होती. बाईंनी तो उचलला आणि तात्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला.

"गार झालाय. दुसरा मागवते."

"राहू द्या हो," तात्या समजूतदारपणे म्हणाले. "इथला चहा गारच असतो."