अन्वरभाईच्या दुकानातल्या वीस गाद्या

बीबी गावच्या बाजाराला लागून अन्वर पिंजाऱ्याचं दुकान होतं. त्याचा बाप कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव फिरला. अन्वरने मात्र चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून कर्ज काढलं, पिंजणाचं मशीन बसवलं आणि एका जागी बूड टेकलं. लग्नसराईत तो आणि त्याची बायको नूरजहां दिवसाला चार-चार गाद्या भरायचे. हप्ता कधी चुकला नाही.

त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बीटीच्या बोंडाला अळी शिवत नाही अशा भरवशावर लोकांनी बियाणं घेतलं होतं, आणि बोंड फोडावं तर आत अळी न् किडकी सरकी. दुसऱ्या वेचणीनंतर कितीकांनी उभ्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकल्या. घरोघरची लग्नं पुढच्या सालावर गेली. लग्नं गेली तशा नव्या गाद्याही गेल्या. माघ लागेपर्यंत अन्वरचे दोन हप्ते थकले होते.

"बँकेचा फोन येते तं उचलत काऊन नाई तुमी?" एका सकाळी नूरजहांने विचारलं.

"उचलून काय सांगू त्याइले?"

"जे हाय ते सांगा. ते मशीन न्यायले येतीन, तवा सांगून काय फायदा?"

अन्वर त्याच दिवशी बँकेत गेला. कर्जाचं काम समीक्षा मॅडमकडे होतं. नवीनच लागलेल्या, पंचविशीच्या. बोलणी खायची तयारी करूनच तो समोर बसला होता, पण मॅडमने त्याचं खातं काढलं आणि शांतपणे सांगायला लागल्या.

"सहा महिने फक्त व्याज भरायचं, असं करता येईल. किंवा मुदत वाढवून घ्या, म्हणजे हप्ता लहान होतो. पण व्याज जास्त दिवस चालतं, एकूण पैसा जास्तच जाईल, हे लक्षात ठेवा. नाहीतर एकरकमी तडजोड करून खातं बंद करा. त्यात थोडी सूट मिळते, पण पुढे कर्ज मिळणं अवघड."

"मले मशीन ठिवायचं हाय मॅडम. धंदा बंद नाई करायचा."

"मग पहिल्या दोन्हींसाठी अर्ज करा. गुरुवारी मी दुकान पाहायला येते. धंदा चालण्यासारखा आहे का, ते मला लिहून द्यावं लागतं."

अन्वरला हे सगळं नवीन होतं. आपण तोंड उघडून मागावं आणि बँकेने ऐकून घ्यावं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण पाहणीचं ऐकून तो घोरात पडला.

मंगल कार्यालयवाले गुलाबराव वाटेत भेटले. ते म्हणाले, "दुकान खाली दिसलं तं ते बाई लिहीन, धंदा बुडाला. मंग मशीन गेलंच समज. भरेल दिसू दे."

समोरच्या सायकल दुकानातल्या तुळशीरामचं नेमकं उलट. "भरेल दिसलं तं सवलत कायले देतीन बे तुले? तू तं शटर अर्धं पाडून बस."

दोघांचंही खरं वाटत होतं. अन्वर काही ठरवायच्या आतच बुधवारी संध्याकाळी गुलाबरावांच्या टेम्पोने वीस गाद्या दुकानात आणून टाकल्या. त्याने नको म्हटलं नाही. नूरजहांने त्या थप्पीच्या भोवतीने झाडून घेतलं तेवढं.

गुरुवारी अकराच्या सुमारास मॅडम स्कूटीवरून आल्या. छताला टेकलेली थप्पी पाहून त्यांनी पेन उघडला.

"काम तर जोरात दिसतंय अन्वरभाई."

नुसतं हो म्हणायचं होतं. अन्वरने नूरजहांकडे पाहिलं. ती खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती, आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "ह्या गाद्या माह्या नाईत. मंगल कार्यालयाच्या हायेत. तुमाले दाखवाले आणल्या होत्या."

मॅडमने पेनाचं टोपण लावलं. संपलं, अन्वरला वाटलं.

"मग तुमचं काम कोणतं?"

कोपऱ्यात पिंजायला आलेली गोजरबाईंची जुनी गादी उसवून पडली होती. अन्वरने मशीन सुरू केलं आणि त्यातली दगडासारखी झालेली रुई घालायला लागला. पलीकडून ती फुगून, मोकळी होऊन पडू लागली. रुईची बारीक कणी उडाली तशी मॅडमने ओढणी नाकाला लावली, पण त्या बाहेर गेल्या नाहीत.

"नव्या गादीले नवी रुई लागते, अन् तेवढा पैसा औंदा कोनापाशीच नाई," तो सांगू लागला. "जुनी पिंजून द्याले चौथाई खर्च येते. मांगं मी असं काम वापस लावत होतो, त्यात काय भेटते म्हणून. आता दोन महिन्यात अकरा जणांच्या केल्या."

"त्यात भागतं?"

उत्तर नूरजहांने दिलं. "घर चालून व्याजापुरतं उरते. मुद्दलापुरतं नाई उरत."

मॅडमने पुन्हा पेन उघडला आणि ते वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. निघताना थप्पीकडे बोट करून म्हणाल्या, "या आजच परत पाठवा. अन् दुसऱ्यांदा असं करू नका."

"नाई करत," अन्वर म्हणाला. शरमेने त्याचे कान तापले होते, पण रात्री मात्र त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

गुलाबराव थोडे घुश्श्यात होते. टेम्पोचं भाडं अन्वरलाच द्यावं लागलं.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. सहा महिने नुसतं व्याज, आणि पुढे मुदत दीड वर्ष वाढवून लहान हप्ता. एकूण किती जास्त जाणार, तो आकडा मॅडमने सहीच्या आधी त्याला दाखवला. आकडा लहान नव्हता. नूरजहांने तो दोनदा विचारून घेतला, मग अन्वरने सही केली.

पुढच्या साली कपाशी बेताचीच आली, लग्नंही बेताचीच झाली. दोघांनी बाजाराच्या दिवशी जुन्या गाद्या गोळा करायला सुरुवात केली. पार दुसरबीड गावापर्यंतची गिऱ्हाइकं येऊ लागली. भादव्यात नूरजहां तापाने पडली आणि दुकान आठ दिवस बंद राहिलं. त्या महिन्याचा हप्ता वेळेवर भरणं होणार नव्हतं. तारखेच्या चार दिवस आधी अन्वरने स्वतःच बँकेत फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, अन्वर पिंजारी बोलतो, बीबीहून. ह्या महिन्याचा हप्ता दहा दिवस मांगं होईन, म्हणून सांगून ठेवतो."