डावीकडचं दार

नव्या आर्थिक धोरणानं भारतातल्या प्रत्येक नागरिकासाठी जगाची दारं उघडली. चौसाळ्याच्या केदारनाथानं त्यातलं एक वेल्डिंग करून बंद करून घेतलं.

केदारनाथाचं हमरस्त्यावर पाइपांचं आणि बोअरच्या मोटारींचं दुकान होतं. धंदा बरा होता. बायको रोहिणी आजारपणात गेली होती. मुलगा रुद्रेश पुण्यात कंप्युटरमध्ये होता; नेमकं काय करत होता हे केदारनाथाला माहीत नव्हतं. एकदा तो मुलाला भेटायला पुण्याला गेला. मुलाला मीटिंग होती. मोकळ्या दुपारी परक्या शहरात माणसानं काय करायचं? त्यानं गाडी घेतली.

गाडी जुनी, पण स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोन दारांची आणि दोनच माणसांची. "काका, लोक वळून वळून बघतील," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पहिला आठवडा लोकांनी बघितलं. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. दुसऱ्या आठवड्यात गाडी स्टँडवरून गेली तेव्हा हॉटेलात एकानंही बशीतून तोंड वर काढलं नाही.

"लई गुमान चालती हो तुमची गाडी," पानवाला राधाकिशन म्हणाला. "कवा गेली, कळत बी न्हाई."

हे वाक्य केदारनाथाच्या डोक्यात घर करून बसलं. त्याच्या घरात तसंही दुसरं कुणी बसत नव्हतं.

त्यानं पुण्याहून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागवला. चकचकीत, तोंडात नारळ मावेल एवढा. तो घेऊन तो आश्रुबाकडे गेला. आश्रुबा उसाच्या ट्रॉल्या बनवायचा आणि सगळी वाहनं ट्रॉलीच्याच नजरेनं बघायचा.

"हिच्याखाली जागाच न्हाई, मालक," तो पालथा पडून म्हणाला. "पैल्या गतिरोधकाला सायलेन्सर रस्त्यावर आन् तुमी बीडात."

"मग?"

"बाजूनं काडू. डाव्या अंगाचा पत्रा कापायचा. दाराचा खालचा भाग बी जाईल. पाइप तापला की बसणाऱ्याचं पाऊल भाजंल, म्हणून दार वेल्डिंगनं बंद करावं लागंल." त्यानं खडूनं रेघ ओढली आणि थांबला. "डाव्या अंगाला कोण बसतं तुमच्या?"

केदारनाथानं प्रामाणिकपणे विचार केला. पहिल्या दिवशी राधाकिशन एकदा बसून गादी दाबून उतरला होता.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "कर बंद."

काम ट्रॉलीच्या हिशेबानं मजबूत झालं. रंगही ट्रॉलीला मारतात तोच लागला, म्हणजे लाल, पण वेगळा लाल. आणि आवाज! पहिल्या दिवशी अख्खं गाव ओट्यावर आलं. केदारनाथानं दोन्हीकडे हात हलवला. दुसऱ्या दिवशी गावानं दारं लावून घेतली. म्हाळूची म्हैस पान्हा सोडेना. दवाखान्यात पंचशीला सिस्टरनं सुई काढायच्या आधीच लेकरं रडायला लागली. पारावर बोलत बसलेली माणसं गाडी जाईपर्यंत गप्प राहू लागली. ती आपल्यासाठी थांबतात, असं केदारनाथाला वाटायचं.

त्या रस्त्याचा एक रिवाज होता. स्टँडवरून कुणी हात केला की रिकामी गाडी थांबायचीच. एके सकाळी पंचशीला सिस्टर आपल्या सासूला, जाईबाईला, घेऊन एसटीची वाट बघत उभी होती. म्हातारीला डोळे दाखवायला बीडला जायचं होतं. एसटी येईना. लांबून आवाज आला आणि जाईबाईनं, सून नको म्हणेपर्यंत, हात वर केला.

केदारनाथानं करकचून ब्रेक मारला. या गाडीला कुणी हात करण्याची ही पहिलीच वेळ!

"बीडला का मावशी? बसा, बसा! मी बी तिकडंच निघालो." तो कुठंच निघालेला नव्हता.

जाईबाई डावीकडं गेली. अधू डोळ्यांनी तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती तळहातानं पत्रा चाचपू लागली. "कडी कुठं हाय रं?"

केदारनाथानं आतून दार उघडायला हात लांबवला. हात कोऱ्या पत्र्यावर आपटला. तेवढ्यात म्हातारीच्या लुगड्याचा काठ पाइपाला लागला, चर्र झालं, पंचशीलानं तिला मागं ओढलं. केदारनाथानं घाईनं गाडी बंद केली. एकदम शांत झालं.

"दारच न्हाई का ह्याला?" जाईबाईनं विचारलं.

"व्हतं, मावशी."

"ऱ्हाऊ दे बाबा. एकल्याची गाडी हाय तुजी."

ती बाकावर जाऊन बसली. तिला राग आलेला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, असं केदारनाथाला वाटलं.

"केदारभाऊ, वाईट वाटून घेऊ नका," पंचशीला खिडकीशी वाकून म्हणाली. "रोहिणीताईला बीडला नेत व्हता तवा तुमची ती खटारा जीप व्हती. मी मागं, शेजारच्या सरस्वतीबाई उशाला, वाटंत कोण कोण चडायचं. एकटं वाटलं का तवा?"

"न्हाई."

"आता सारं गाव बघतं तुमाला. पर कुणी इचारलं का, जेवलात का म्हणून?"

केदारनाथानं चावी काढून खिशात घातली.

"बघणारं माणूस रस्त्यावरच ऱ्हातं, भाऊ. सोबत करणाऱ्याला आत बसाया जागा लागती. तुमी भोंगा लावला आन् जागाच बुजवली. आन् माज्या दवाखान्यातल्या तान्ह्या लेकराची झोप कावून मोडता? त्यानं काय वाकडं केलं तुमचं?"

अरे! आपण हे काय करून बसलो! डावीकडं कोण बसतं, असं आश्रुबानं विचारलं होतं. आपण कुणाला बसवलं का, हे आपण स्वतःला कधी विचारलंच नाही!

एसटी आली, जाईबाई गेली. केदारनाथ थेट आश्रुबाकडे गेला.

"उघड."

"मालक, माजं वेल्डिंग उसाच्या वज्यानं बी उघडत न्हाई," आश्रुबा अभिमानानं म्हणाला आणि कटर घेऊन आला. जुना सायलेन्सर त्यानं टाकला नव्हता, त्यात वेल्डिंगच्या कांड्या ठेवल्या होत्या. तोच परत बसवला. दार उघडलं, पण पुन्हा नीट लागेना, म्हणून आतून सुतळी बांधली.

नागरिकहो, आवाज वाढवून माणूस मोठा होत नाही. न विचारता दुसऱ्याच्या घरात मात्र शिरतो. एकटेपणा ज्याला खातो त्यानं गावाला हादरे देण्यापेक्षा शेजारची जागा मोकळी करावी आणि 'कुठं निघालात?' असं विचारावं. आणि बाकीच्यांनी कानावर हात ठेवण्याआधी, हा इतका का ओरडतोय, हेही एकदा विचारावं. विचारायला पेट्रोल लागत नाही.

जाईबाईला डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं. या खेपेला ती डावीकडं बसली, सुतळी हातात धरून. केदारनाथाकडं सांगायचं पुष्कळ साठलं होतं. त्यानं रोहिणीपासून सुरुवात केली.

जाईबाई वाटेतल्या मांजरसुंब्याच्या आधीच झोपली, ती बीडला उठली.