डाव्या अंगाची जीप

स्प्लिट पिन… बोटाच्या पेराएवढी, केसांतल्या आकड्यासारखी दुमडलेली, दोन पायांची लोखंडी पिन – आत्ता, अगदी आत्ता तळहातावर होती, आणि आता तळहातावर नुसत्या ग्रीसने काळवंडलेल्या रेषा होत्या, ज्या वाचण्याआधी कुठल्याही ज्योतिषाने थोडे रॉकेल मागितले असते. हणमंतराव जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. पिन पडल्याचा टिण्णकन आवाज त्यांनी ऐकला होता. म्हणजे ती जगात होती, फक्त हणमंतरावांच्या जगात नव्हती. त्यांनी मान डावीकडे वळवली, सावकाश, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी, आणि पोर्चची फरशी तुकड्यातुकड्याने उगवत गेली – जॅकचा पाय, चिंध्यांची पाटी, मांजराची वाटी… पिन नाही.

“ही काय,” कृष्णवेणी म्हणाली. बायको कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलेच नव्हते. डावीकडून येणारी माणसे हल्ली अशीच येत, आधी आवाज आणि मग माणूस. तिने पायाच्या अंगठ्याने पिन पुढे सरकवली. “तुमच्या डाव्या गुडघ्यापाशीच तर होती. चहा ठेवलाय.”

“उजेड कुठाय इथं?”

सकाळचे ऊन थेट पोर्चमध्ये शिरून बॉनेटवर लोळत होते. कृष्णवेणीने उन्हाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, जरा जास्तच वेळ. मग “सरी” एवढेच म्हणाली. बेंगळुरूत सरी म्हणजे बरं, ठीक आहे, चालेल. पण तिच्या तोंडून आलेल्या सरीत चालेल कधीच नसे.

“आणि सांडूरला बहिणीला कळवलंय मी. रविवारी येतो म्हणून. जीप घेऊन.”

“अजून कामं राहिलीत, वेणी.”

“कुठली?”

“हॉर्न…”

“हॉर्न वाजतोय. काल मीच वाजवून बघितला. समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन धावत आला.”

ती आत गेली. हणमंतराव पिनेकडे बघत राहिले. स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला जो नट असतो तो फिरून सुटू नये म्हणून त्याच्या आरपार ही पिन घालायची, दोन पाय दोन दिशांना वाकवायचे, की झाले. राहिलेले काम एवढेच होते, आणि हे फक्त त्यांना ठाऊक होते. बाकी जगाला ते रोज नवे काम सांगत – ब्रेकचे तेल, पाट्यांचे बुश, मागच्या ॲक्सलचा बारीकसा आवाज, जो फक्त त्यांनाच येतो… जीप झाली की चालवावी लागणार होती. ती होत होती तोवर मी जीपवाला माणूस होतो. ती झाली की मी कोण, हा प्रश्न पोर्चमध्येच उभा राहणार होता, आणि तोही डावीकडून येणार, न दिसता.

दमायला झाले होते. रात्रभर झोपून उठल्यावर येतो तो थकवा.

जीप युद्धाच्या वेळची, मिलिटरीच्या लिलावातून सुटलेली आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यात कोंबड्यांचे खुराडे म्हणून सेवानिवृत्त झालेली. हणमंतराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी ती आणली. एका निवृत्ताने दुसऱ्याला घरी आणावे तशी. पहिले कितीतरी दिवस महादेवपुराच्या त्या गल्लीत, जिथे चारी बाजूंनी काचेच्या कंपन्या आणि त्यांत काम करणाऱ्यांचे फ्लॅट उठले होते, तिथे कोंबड्यांचा वास दरवळत असे आणि सीटखाली अंडी सापडतील अशी कृष्णवेणीला आशा वाटत असे. मग एकेक भाग सुटा झाला. इंजिन गेले, त्याजागी अलीकडच्या एका गाडीचे डिझेल इंजिन आले. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, डिस्क ब्रेक तिसऱ्या गाडीचे, पॉवर स्टिअरिंग कुणाचे ते गुरुराज मेकॅनिकने शपथ घालूनही सांगितले नाही. शेवटी लोखंडाच्या त्या संमेलनाला जीप का म्हणायचे, असा प्रश्न पडे. पण माणसाच्या बाबतीतही हा प्रश्न कुणी फार ताणून धरत नाही.

आणि मग, सगळे जुळत आल्यावर, हणमंतरावांनी स्टिअरिंग उजवीकडून काढून डावीकडे न्यायचे ठरवले.

“नाळे बरतीनि, सर,” एवढेच गुरुराज फोनवर म्हणाला होता. नाळे म्हणजे उद्या. आणि त्याचा उद्या हा कॅलेंडरवर नसलेला एक प्रशस्त प्रदेश होता. पण या वेळी तो खरोखर दुसऱ्या दिवशी आला, पत्रा बघितला, कपाळावर हात मारला. मळेवाल्यांनी कधीकाळी स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणले होते, जुनी भोके पत्र्याचे तुकडे लावून बुजवली होती. ती पुन्हा उघडायची, पेडले सरकवायची, सगळी दांडी नव्याने बसवायची. “याके सर, कशाला? इंडियात कोण डावीकडून चालवतं?”

“ओरिजिनल,” हणमंतराव म्हणाले.

हा शब्द त्यांना वरच्या भाडेकरूने दिला होता. अद्वैत, पुण्याचा, व्हाइटफील्डला नोकरीला. त्याची ऑफिसची कॅब यायला नेहमी उशीर, त्यामुळे सकाळचा वेळ तो पोर्चमध्ये कृतार्थ करी. “काका, लेफ्ट हँड ड्राइव्ह! लेजंड! प्युअर ओरिजिनल!” असे त्यांचा बेत ऐकताच ओरडून त्याने फोटो काढले होते, आणि मग जीपभोवती एक फेरी मारून जरा विचारात पडून म्हणाला होता, “म्हणजे काका, ओरिजिनल फक्त तेवढंच असणार ना?”

फक्त तेवढेच. आणि खरे कारण तेही नव्हते.

…डोळ्यांच्या दवाखान्यात, काळ्या खोलीत एक पांढरे भांडे, त्यात हनुवटी ठेवायची, एक डोळा झाकायचा, समोर ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचे. हणमंतरावांनी आयुष्यभर कारखान्यात इन्स्पेक्शन केले होते, दुसऱ्यांच्या कामातले केसाएवढे दोष काढले होते, चांगली चांगली माणसे त्यांनी ‘रिजेक्ट’चा लाल ठिपका लावून रडवली होती. तो माणूस त्या भांड्यात हनुवटी ठेवून कॉपी करत होता. ठिपका दिसत नव्हता, पण यंत्राची लय सापडली होती, टिक्… टिक्… आणि ते अंदाजाने बटण दाबत होते, आता आला असेल, आता डावीकडे आला असेल… डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कागद बघून म्हणाल्या, “अंकल, जिथं आम्ही लाइट लावलेच नव्हते तेही तुम्हाला दिसलेत.” मग हसल्या नाहीत. काचबिंदू. डाव्या डोळ्यातले बरेचसे गेले आहे, गेलेले येत नाही, राहिलेले थेंब घालून राखायचे, उजव्यावर लक्ष ठेवायचे. गाडी चालवता का? हणमंतराव म्हणाले, छे, आता कुठे.

घरी त्यांनी मोतीबिंदू सांगितला. मोतीबिंदू हा अब्रूदार आजार, घराण्यात सगळ्यांना झालेला; पिकला की काढायचा, काळा चष्मा लावून नातेवाइकांकडून शहाळी घ्यायची. काचबिंदूला कोणी शहाळी आणत नाही.

पण त्यांना कळले होते त्याच्याही आधी. मारतहळ्ळीच्या पुलाखाली, स्कूटरवर, डावीकडे कोणी नव्हते, नव्हतेच, रस्ता मोकळा होता… आणि त्या मोकळ्या रस्त्यातून कोथिंबिरीची पाटी घेतलेली एक बाई निघाली, हँडलला घासून. लागले नाही कुणाला. कोथिंबीर सांडली. बाईने कानडीत त्यांच्या सात पिढ्यांची दृष्टी काढली. ते उभे राहिले होते, हेल्मेटच्या आत, आणि त्यांना एकच वाटत होते, की कोथिंबिरीच्या जागी… त्या दिवसापासून स्कूटर पंक्चर आहे. पंक्चर काढणारे दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे.

मग एका दुपारी, स्टिअरिंग अजून उजवीकडेच होते तेव्हा, ते चालकाच्या जागी बसले. शेजारच्या सीटवर गादीचे माप घ्यायला उशी ठेवलेली होती. समोर बघितले आणि उशी नाहीशी झाली. मान वळवली, उशी आली. समोर बघितले, गेली. सांडूरला वेणीला घेऊन जायचे हे वचन निवृत्तीच्या वेळचे. ती त्या उशीच्या जागी बसणार होती. इतका वेळ शेजारी बसून, बोलून, शेंगा सोलून देऊन ती तिथे नसणार होती. अपघाताचे त्यांना त्या क्षणी सुचलेसुद्धा नाही, हे नंतर त्यांना जरा लाजिरवाणे वाटले. त्यांना एवढेच वाटले की आपण डावीकडे बसलो तर ती उजवीकडे येईल. पूजेला बसते तशी. उजवीकडे अजून सगळे शाबूत आहे.

गुरुराजला हे कसे सांगायचे? ओरिजिनल!

त्यांनी पिन नटाच्या भोकात घातली. पक्कड घेतली. दोन पाय वाकवले, एक इकडे, एक तिकडे. इतक्या वर्षांचे काम अशा किरकोळ आवाजात संपावे याचा त्यांना थोडा अपमान वाटला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चहासाठी नकळत उजवा हात लांब केला. कप तिथेच होता, उजव्या हाताच्या कट्ट्यावर.

“वेणी, जरा ये. सीटची उंची बघायचीय.”

ती हात पुसत आली, आणि जन्मभराच्या सवयीने डाव्या बाजूने पाय वर टाकून चढून बसली. समोर स्टिअरिंग आले. हणमंतराव म्हणणार होते, इकडे नाही, पलीकडे. पण ती उतरली नाही. तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. बरोबर जागी, दहा वाजून दहा मिनिटांनी घड्याळाचे काटे असतात तसे. आणि डाव्या पायाने क्लच चाचपला.

“क्लच जड आहे,” ती म्हणाली.

“तुला काय माहीत क्लच?”

कृष्णवेणी समोर गेटकडे बघत होती. “अहो, मी भजनाला जात नव्हते.”

“म्हणजे?”

“सकाळी. टिन फॅक्टरीच्या पुढं ते मोटार शिकवणारे आहेत नव्हे? तिथं. लायसन आलंय मागच्या महिन्यात.” मग एकदम तिचा आवाज चढला. “आणि एवढं मी शिकले ते सगळं उजवीकडं बसून! गिअर डाव्या हातानं! आणि तुम्ही काय केलंत? चांगलं तिकडं होतं ते चाक उचलून इकडं आणून ठेवलंत. ओरिजिनल! आता मी हा दांडा कुठल्या हातानं ओढू?”

हणमंतरावांना राग आला. तो कुठल्या जागी आला ते त्यांना नीट सापडेना. भजनावरून ती घामेघूम होऊन परत येई आणि ते म्हणत, अभंग जरा बेताने घ्या गं… म्हणजे हे कितीतरी दिवस त्यांच्यापासून लपवून… “मला न सांगता?”

“तुम्ही सांगितलंत?”

गल्लीतून पाण्याचा टँकर गेला.

“चहा उजव्या हाताला ठेवायला लागून वर्ष झालं,” ती म्हणाली. “रस्त्यानं जाताना तुमच्या डावीकडनं चालते. मोतीबिंदू असला तर माणूस डावीकडच्या दाराला थडकत नाही. तुम्ही बोलला नाहीत, मग मीही बोलले नाही. म्हटलं, गाडी होईल तेव्हा बघू. ती तर तुम्ही होऊच देईनात.”

“झाली,” हणमंतराव म्हणाले. “आत्ताच.”

“सरी.”

आता काहीतरी मोठे म्हणायला हवे होते. निदान स्टिअरिंग का हलवले ते तरी, म्हणजे उशीचे. त्यांनी तोंड उघडले आणि ते सगळे इतके लांब वाटले, सांगायला लागावे तर संध्याकाळ होईल, की ते पुन्हा मिटले. गुरुराजला फोन करून पुन्हा उजवीकडे न्यायला सांगावे? पुन्हा भोके बुजवायची, पुन्हा उघडायची? तो या वेळी शिव्या देईल, आणि मग नाळे म्हणेल. की तिने डाव्या अंगाने शिकावे? की बसने जावे, दोघांनी, आणि तिच्या बहिणीला काय ते सांगावे? त्यांनी पलीकडे जाऊन उजव्या बाजूने शरीर कसेबसे वर ओढले आणि आता चालकाची न राहिलेल्या जागेवर ते बसले.

समोर बघितले. बॉनेट, गेट, गेटपलीकडे समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन, हॉर्नच्या भीतीने सावध. उजवीकडे जास्वंद, स्वच्छ, एकेक पाकळी. आणि डावीकडे कृष्णवेणी नव्हती.

“हा बारका दांडा कसला?” नाहीपणातून आवाज आला.

“फोर-व्हीलचा. चारी चाकांना जोर लागतो. चिखलात.”

“आता ओढू?”

“फरशीवर कशाला? मोडशील.”

“रविवारचं काय करायचं?”

मान सवयीने वळायला निघाली, तिला उगवून आणण्यासाठी, आणि मधेच थांबली. त्यांनीच थांबवली, की तीच दमली होती, हे सांगता आले नसते. त्या बाजूला क्लच दाबला जात होता, सोडला जात होता. बांगड्या चाकाला लागत होत्या. कोणीतरी पुटपुटत होते, आधी हा, मग हा, उजव्या हातानं, उजव्या हातानं… ते ऐकत राहिले. काळोख होता तेवढाच होता, एक तसूही कमी झाला नव्हता, आणि त्याची भीतीही गेली नव्हती. ती फक्त इतक्या दिवसांत पहिल्यांदा, दुसऱ्या कुणाला जागा करून द्यावी तशी, जराशी सरकून बसली होती.