एका मिनिटात सांग

दवाखान्याबाहेर बाकांवर सव्वीस पेशंट आणि तपासायला मोठ्या सिस्टर एकट्या. त्यात नर्स प्रॅक्टिशनरच्या, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहिणाऱ्या नर्सच्या, कोर्सची एक मुलगी शिकायला म्हणून गळ्यात पडलेली. सिस्टरांनी यावर तोड काढली होती. मुलीने पेशंट एकटीने तपासायचा, मग दारात उभं राहून एका मिनिटात सांगायचं, काय वाटतं आणि कशावरून. सिस्टर एक चूक दुरुस्त करणार, एक गोष्ट शिकवणार, की पुढचा पेशंट आत. मुलगी होती चऱ्हाट वळणारी. तिने "आणि अजून" म्हटलं की सिस्टरांचं बोट वर जायचं. आठवड्याभरात तिचं "आणि" सुटलं आणि सिस्टर स्वतःवरच खूश झाल्या. घाईला शिकवणी म्हटलं की मन खात नाही.

त्या सकाळी कंबर धरून एक मावशी आल्या. बादली उचलताना कंबर लचकली, मुलीने पन्नास सेकंदांत सांगून टाकलं. सिस्टरांनी दारातूनच मावशींकडे नजर टाकली, शाब्बास म्हणाल्या, गोळ्या लिहिल्या. मावशी हळूहळू निघून गेल्या.

आणखी दोन पेशंट झाल्यावर मुलीची वही सहीला आली. मावशींच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बसायची जागा बधिर, रात्रीपासून लघवी नाही. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. मणक्यात नसा दबल्या होत्या. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर पाय कायमचे जातात.

"हे सांगितलं का नाहीस?"

"मिनिट संपलं होतं, सिस्टर."

रागावायला तोंडच उरलं नव्हतं. मावशींचा फोन नुसता वाजत होता. मुलीला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगून सिस्टर पेशंट तसेच टाकून बसस्टॉपकडे धावत सुटल्या. बस गेली असेल तर संपलंच, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मावशी बसस्टॉपवरच होत्या. दोन बसेस आल्या आणि गेल्या, त्यांना उठताच आलं नव्हतं. सिस्टर फुटपाथवर गुडघे टेकून बसल्या, मावशींची चप्पल काढून पायाची बोटं दाबू लागल्या. कळतंय का, हे कळतंय का, विचारत राहिल्या. मावशी मान हलवत होत्या. नाही.

"माझंच चुकलं, मावशी. मी तुम्हाला काही विचारलंच नाही."

मावशींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "विचारायचं काय राहिलंय? त्या पोरीला सगळं सांगितलंय मी. चांगली आहे हो. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने."