उजवा सांधा

“खरवडू की नको, एकदाचं सांग,” स्टॅश म्हणाला. तो डिकीत कमरेपर्यंत वाकला होता आणि त्याच्या हातात पुट्टी काढायची पोलादी पट्टी होती.

“लावून तर बघ. तीच पट्टी तुझ्या टकलावरून फिरवीन,” हलिना म्हणाली.

स्टॅश तिचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान चालवून निवृत्त झालेला. त्याच्या हातून गेलेल्या पत्र्यावरून तळवा फिरवा, जोड कुठे आहे ते सापडायचं नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी तोरा. गेली नऊ वर्षं दर शनिवारी तो बहिणीच्या गॅरेजात येऊन या सत्तर सालच्या गाडीवर राबत होता. दोन दारं, आठ सिलेंडर, गडद जांभळा रंग. सुरू केली की शेजारच्या घराच्या काचा थरथरायच्या. घरात तिला सगळे जांभळीच म्हणत. इंजिन झालं, गाद्या झाल्या, रंग झाला. राहिले होते डिकीतले दोन सांधे, आणि त्यांच्यावरून भावाबहिणीचं आता दर खेपेला वाजत होतं.

डिकीचा तळ बाजूच्या पत्र्याला मिळतो, तिथून पाणी शिरू नये म्हणून सीलरचा जाड राखाडी लेप देतात. जांभळीच्या डाव्या सांध्यावरचा लेप कारखान्यातला, मूळचा होता. पिचकारीनं मारलेला नव्हे, कुणीतरी बोटांनी ओढलेला. पहिल्या बोटाचा चर, मग एक जाड उंचवटा, मग पुन्हा दोन चर. मधलं बोट जिथे टेकायला हवं तिथे काही टेकलंच नव्हतं. उजवा सांधा गंजून गेला होता. तिथे स्टॅशनं नवा पत्रा जोडून प्रायमर मारला होता, पण दोन वर्षं झाली तरी हलिना त्यावर सीलर लावू देत नव्हती. सीलरचा डबा तेवढा डिकीच्या कोपऱ्यात पडून होता.

आणि आता क्लबचं पत्र आलं होतं. जुन्या गाड्यांचा तो क्लब, दर जुलैत तळ्याकाठच्या मैदानावर प्रदर्शन भरवायचा. त्यात एक ‘अस्सल वर्ग’ असायचा. कारखान्यातून बाहेर पडली तशीच गाडी असेल तरच त्यात जागा. एप्रिलमध्ये क्लबचे मुख्य परीक्षक मिस्टर प्रुएट येऊन जांभळी बघून गेले होते. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, डाव्या सांध्यावर कुणा अडाण्यानं नंतर बोटांनी फासलेला लेप आहे, तो काढावा. उजवा सांधा उघडा आहे, तो भरावा. कारखान्यात हे काम पिचकारीनं होत असे, तसंच दिसायला हवं. जमत नसेल तर अस्सल वर्गात गाडी आणू नये.

“अडाण्यानं!” हलिनानं पत्र चौथ्यांदा वाचलं. “ही गाडी कारखान्याच्या लाइनवरून उतरली तेव्हा हा बाबा जन्मलाही नव्हता!”

“अगं पण नियमांचं पुस्तक त्यानंच लिहिलंय ना. त्याच्याकडे कारखान्याचे कागद आहेत.”

“माझ्याकडे हात आहेत. मी होते तिथे, स्टॅश.”

होतीच. सत्तर साली हलिना वीस वर्षांची होती. त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीत, डिकीच्या सांध्यांवर तिच्यासकट पाच बाया होत्या. कागदावर त्यांच्या हातात पिचकारी असायची. प्रत्यक्षात ती मेली दर तासाला तुंबायची, आणि लाइन तर कुणाच्या बापासाठी थांबायची नाही. मग बाया डब्यात बोटं बुडवायच्या आणि सर्रकन ओढायच्या. पाचांमध्ये ओढायला सगळ्यात तरबेज ओडेसा पिकेट. अलाबामाहून आलेली, हलिनापेक्षा चार वर्षांनी मोठी. एका दमात, एका रेषेत. नवख्या हलिनाला ते तिनंच शिकवलं. जानेवारीत डिकीचं झाकण निसटलं आणि ओडेसाच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं. मुकादम इस्पितळात आला तो फुलं घेऊन नव्हे. “घरी स्वयंपाक करताना कापलं असं सांग,” म्हणाला, “नाहीतर नोकरी विसर.” घरात दोन लेकरं. ओडेसानं तसं सांगितलं. अकराव्या दिवशी ती पट्टी बांधलेला हात घेऊन लाइनवर हजर, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुन्हा सर्रकन.

कागदावर तिचं बोट आजही स्वयंपाकघरात कापलेलं आहे.

म्हणून तर हलिना इतकी वर्षं जिथे जुनी गाडी दिसेल तिथे डिकी उघडायला लावायची. लोक इंजिन बघायचे, ही बाई डिकीतला गालिचा उचलायची. बहुतेक गाड्यांचे सांधे नव्या मालकांनी घासूनपुसून गुळगुळीत केलेले. शेवटी एका शेतकऱ्याच्या कोठारात, कोंबड्यांच्या विष्ठेखाली, ही जांभळी सापडली. गालिचा उचलला आणि हलिना तिथेच खाली बसली. चर, उंचवटा, दोन चर. शेतकऱ्याला वाटलं, म्हातारीला चक्कर आली. तिनं घासाघीस न करता गाडी घेतली.

“तो सांधा म्हणजे ओडेसाची सही आहे,” ती आता स्टॅशला म्हणाली. “ती खरवडून मी बक्षीस घेऊ? लाज नाही वाटणार मला?”

“मग अस्सल वर्गात नेऊ नको. साध्या वर्गात ने. तिथे कुणी डिकी बघत नाही.”

“अस्सल वर्गातच नेणार. अस्सल आहे ती.”

स्टॅशनं पट्टी टेबलावर आदळली. “आणि उजवा? तो तरी भरू दे मला!”

“तो ओडेसा भरेल.”

“दोन वर्षं नाही म्हणतेय ती बाई!”

“म्हणू दे.”

हे मात्र खरं होतं. ओडेसा तीन चौक पलीकडे राहायची. दर गुरुवारी दोघी पत्ते खेळायला बसायच्या, आणि खेळतानासुद्धा ओडेसा उजव्या हातातला मोजा काढायची नाही. हात झाकायची सवय तिला इतकी जडली होती की नातवंडांनीही ते बोट नीट पाहिलं नव्हतं. त्या गुरुवारी हलिनानं पत्र पुढे ठेवलं आणि पुन्हा विषय काढला.

“आता तरी ये गं. एक सांधा. दोन मिनिटांचं काम.”

ओडेसानं पत्र वाचलं, घडी घातली आणि पानं पिसायला घेतली. “अर्धं बोट दिलंय मी त्या जागेला. आता आणखी काही मागू नकोस.”

“जागेला नको देऊस. मला दे.”

“तुझं आपलं काहीतरीच! कोण बघणार आहे डिकीत? गेलं ते गेलं.” मग तिला हसू आलं. “वाईट एवढंच वाटतं, त्या मुकादमाला दाखवायला नेमकं तेच बोट हवं होतं, आणि मेलं तेच गेलं.”

हलिना हसली, पण तिची नजर त्या मोज्यावर होती. स्वतःचाच हात चोरासारखा लपवून ही बाई म्हातारी झाली. घरी येऊन तिनं स्टॅशला फोन केला आणि सांगितलं, डावा सांधा आहे तसा राहील, उजवा उघडा राहील, आणि गाडी अस्सल वर्गात जाईल. स्टॅशनं त्यांच्या मायबोलीत, पोलिश भाषेत, एक शिवी हासडली. त्यांच्या आईनं ऐकली असती तर साबणानं तोंड धुतलं असतं.

प्रदर्शनाला बाकीच्या गाड्या ट्रेलरवरून, रजया पांघरून आल्या. हलिना जांभळीला चालवत घेऊन आली, शेजारी कुरकुरणारा स्टॅश. फाटकातून आत शिरताना तिनं मुद्दाम एकदा जोरात ॲक्सिलरेटर दाबला. तळ्यावरची बदकं उडाली आणि दोन-चार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

अकराच्या सुमारास ओडेसा आली, थेट चर्चमधून. लिंबाच्या रंगाचा सूट, तशीच हॅट, पांढरे हातमोजे. “मी बटाट्याचं सॅलड खायला आलेय,” तिनं आल्या आल्या सांगून टाकलं आणि जांभळीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसली.

मग प्रुएट आले. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. भला माणूस, अभ्यासू, इस्त्रीचा शर्ट. पण कागदावर नसेल ते जगातच नसतं असं मानणारी एक जात असते, त्या जातीतले. हातात टॉर्च, काठीला लावलेला आरसा आणि गुणांचा तक्ता. इंजिनाला त्यांनी पैकीच्या पैकी दिले. गाद्यांनाही. डिकी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला.

“मॅडम, तुम्हाला पत्र मिळालं होतं ना?”

“मिळालं. वाचलंही.”

“हे फराटे तसेच आहेत. उजवा सांधा तर अजून उघडा. मी तुमच्या भल्यासाठीच लिहिलं होतं. एवढी सुंदर गाडी, आणि कुणीतरी घाण करून ठेवलीय.”

“घाण नाही ती. कारखान्यातलं काम आहे. दुसरी पाळी.”

“दुसऱ्या पाळीचे सगळे कागद मी पाहिलेत. सीलर पिचकारीनंच जायचा. आणि या जागेवर बायका होत्या अशी नोंदसुद्धा नाही.”

“अहो, मीच होते ना! माझ्या पायांवर उभी होते, पिचकारी तुंबलेली होती, आणि कोपरापर्यंत हा चिखल होता! विचारा की मला!”

“मी तुम्हाला खोटं म्हणत नाही,” प्रुएट घाईनं म्हणाले. आजूबाजूला माणसं जमू लागली होती. “पण आठवण हा पुरावा होत नाही, मॅडम. काहीतरी दाखवण्यासारखं हवं.”

हलिनानं पुन्हा डाव्या सांध्याकडेच बोट दाखवलं. नऊ वर्षं, आणि या माणसाला दाखवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. प्रुएटनी तक्त्यावर पेन टेकवलं. “हे फराटे नंतरचेच. असं काम कोणता कारखाना बाहेर सोडेल? कुणातरी निष्काळजी माणसाचं आहे.”

खुर्ची करकरली.

“निष्काळजी?” ओडेसा म्हणाली.

ती उठून डिकीपाशी आली. वय एकोणऐंशी, पण चाल अशी की माणसं आपोआप बाजूला झाली. “बाळा, तासाला पंचावन्न गाड्या जायच्या माझ्या हाताखालून. एकीचीही डिकी गळली नाही. निष्काळजी कुणाला म्हणतोस?”

तिनं उजव्या हातातला मोजा काढला. एकेक बोट ओढत, सावकाश, सगळ्यांसमोर. मग वाकून तिनं तो हात डाव्या सांध्यावर ठेवला. पहिलं बोट पहिल्या चरात बसलं. अर्धं बोट उंचवट्यावर थांबलं. उरलेली दोन, उरलेल्या दोन चरांत. मागे कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. स्टॅशनं टोपी काढून नाक शिंकरलं.

प्रुएटच्या हातातून टॉर्च पडला. तो उचलून त्यांनी त्या हातावर उजेड धरला. मग हळू आवाजात म्हणाले, “मला... मला वाईट वाटतं, मॅडम. पण कागदाशिवाय मी... आणि उजवा सांधा तर तरीही उघडाच आहे ना.”

हलिनाला त्या क्षणी त्यांना तळ्यात ढकलावंसं वाटलं. पण ओडेसा त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती उजव्या सांध्याकडे बघत होती, आणि तिथून डिकीच्या कोपऱ्यातल्या डब्याकडे.

“हलिना, डबा उघड.”

“कपडे खराब होतील तुझे.”

“कपडे धुता येतात. उघड म्हणते ना!”

डब्याशेजारीच टाकलेल्या स्टॅशच्या पट्टीनं हलिनानं झाकण काढलं. लिंबाच्या रंगाची बाही कोपराच्या वर सरकवून ओडेसानं बोटं डब्यात बुडवली, भरपूर घेतलं, आणि प्रायमरच्या त्या कोऱ्या सांध्यावर टेकवली. क्षणभर ती थांबली. मग सर्रकन. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे न अडखळता. हात निघाला तेव्हा डावीकडे होतं तेच उजवीकडे होतं. चर, उंचवटा, दोन चर.

“मॅडम!” प्रुएट कळवळले. “परीक्षण चालू असताना गाडीवर काम करता येत नाही! नियम आहे. आता मला गाडी बादच करावी लागेल, सगळ्याच वर्गांतून.”

“करा की,” हलिना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला बिलकूल गरज वाटत नव्हती. “मोठ्या अक्षरांत लिहा. आणि कारणाच्या रकान्यात नाव लिहा. ओडेसा पिकेट, दुसरी पाळी. आता झाली की नाही कागदावर नोंद? सही मी करते.”

प्रुएटनी पेन हातात धरलं होतं. त्यांनी एकदा डाव्या सांध्याकडे पाहिलं, एकदा उजव्या, आणि मग खरंच लिहायला लागले. लिहिताना त्यांनी विचारलं, “पिकेटमध्ये शेवटी एक टी की दोन?”

“दोन,” ओडेसा म्हणाली. पलीकडच्या रांगेत कुणीतरी आपल्या गाडीची डिकी उघडून गालिचा उचलत होतं, मग आणखी एकानं उचलला.

स्टॅशनं चिंधी पुढे केली. ओडेसानं ती घेतली नाही. पांढरा मोजा तिनं पर्समध्ये टाकला आणि राखाडी माखलेला तो हात तसाच गुडघ्यावर ठेवून खुर्चीवर बसली, ज्याला बघायचा त्यानं बघावा.

“आणि तू जरा बाजूला हो, बाळा,” ती प्रुएटना म्हणाली. “ऊन अडवतोयस. सांधा वाळायचाय अजून.”