पडदा ओढणाऱ्याचं नाव

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलं, नाटक म्हटलं की पत्रक आलं. पत्रकात नाटकाचं नाव लहान असलं तरी चालतं. माणसांची नावं मात्र सगळी लागतात. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, आणि ज्यांना कोणतंच पद उरलं नाही त्यांच्यासाठी ‘प्रमुख उपस्थिती’. एक नाव गळलं तर दोन घरांचं वर्षभर बोलणं बंद! रश्मीला हे सगळं तोंडपाठ होतं. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत तिचं डीटीपीचं दुकान होतं आणि हंगामात चाळीसेक गावांची पत्रकं तिच्या हाताखालून जायची.

२००८ साली तिने नवं सॉफ्टवेअर धरलं. आधीचं होतं ते सगळ्या बाजारासारखंच चोरीचं. ते एके दिवशी कॉम्प्युटरसकट बसलं आणि अर्धी लग्नसराई घेऊन गेलं. मग कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या चंद्रशेखर सरांनी तिला एक सीडी आणून दिली. ‘‘हे फुकट आहे, पण चोरीचं नाही,’’ सर म्हणाले. ‘‘जगभरचे लोक मिळून बनवतात. काही खटकलं तर त्यांना लिहून कळवायचं.’’ बाजारातले डीटीपीवाले हसले. फुकट ते पौष्टिक, म्हणाले. रश्मीने त्यांना हसू दिलं. महिनाभर डोकं खपवून ती ते शिकली, आणि पहिलंच मोठं काम त्यावर केलं ते चिचटोल्याच्या मंडईचं.

चिचटोला सडक अर्जुनीच्या पुढे. मंडळाचे अध्यक्ष भोजराजभाऊ यांनी यादी दिली आणि छपाईला जायच्या तासभर आधी फोन करून सांगितलं, ‘‘बाई, माहा नाव जरासा मोठा करा. दुरून दिसला पाहिजे.’’ तिने केलं. वर म्हणाले, ‘‘पत्रकं न्यायले सुकराम येईल. सत्तावीस वर्सं झाली, आमच्या नाटकाचा पडदा वढते. औंदा त्याचा नाव टाकलो, सगळ्यात खाली. तवापासून मीच जातो, मीच जातो करून राहिला.’’

सुकराम सकाळच्या पहिल्या बसने आला. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस.

‘‘राम राम, बाई.’’

‘‘जय भीम, काका. बसा.’’

छापलेला गठ्ठा रात्रीच येऊन पडला होता. रश्मीने वरचं पत्रक काढून त्याच्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. सुकराम दुसरीपर्यंत शिकलेला, पण स्वतःचं नाव वाचता यायचं. ती चहा घेऊन आली तेव्हा त्याचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. बोट शेवटच्या नावावर पोचलं. खाली किनार होती. त्याने पत्रक उलटं केलं. पाठ कोरी होती.

‘‘बाई, मांगं बी छापता का तुमी?’’

रश्मीने पत्रक हातात घेऊन शेवटची ओळ पाहिली. तिने कॉम्प्युटर उघडला. सुकरामचं नाव होतं, पण आत. भोजराजभाऊंचं नाव मोठं केल्याबरोबर सगळी यादी खाली सरकली होती आणि शेवटची ओळ चौकटीत मावली नव्हती. मावत नाही ते हे सॉफ्टवेअर लपवून ठेवायचं. चौकटीच्या कोपऱ्यात तेवढी एक बारकी लाल खूण. ती खूण तिने पाहिलीच नव्हती. चूक शंभर टक्के तिची होती, आणि तिने ती तशीच सांगितली.

सुकराम कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘मंग हाये ना आतमंदी. बाहेर नाई आला, येवढंच. मी बी तं सत्तावीस वर्सं पडद्याच्या मांगंच आहो.’’ गठ्ठा उचलता उचलता तो पुढे म्हणाला, ‘‘पोरीले सांगतलो होतो सासरी. बापाचा नाव पाहाले ये म्हनून. जाऊ द्या. एकची बस निंगून जाईल.’’

तो ओरडला असता तर रश्मीला सोसलं असतं. हे सोसवेना. तिने गठ्ठा त्याच्या हातून काढून घेतला, स्कूटीच्या पुढच्या बाजूला ठेवला, त्याला मागे बसवलं आणि थेट छापखाना गाठला.

मशीनवाले रामलाल डोक्याला हात लावून म्हणाले, ‘‘मॅडम, मशीन पे शादी के कार्ड की लाल स्याही चढी है. काली करूँगा तो धोने में ही बस छूट जायेगी.’’

‘‘लालच चालू द्या, भैया.’’

किनारीखाली कागदाला बोटभर जागा होती. हजारच्या हजार पत्रकं पुन्हा मशीनवर चढली, फक्त एका ओळीसाठी. सुकराम मशीनच्या तोंडाशी उभा होता. खट खट करत त्याचं नाव समोर पडत होतं, एकावर एक. शेवटचा कागद पडला तेव्हा त्याने सदऱ्याने डोळे पुसले आणि छापखान्यात धूळ फार आहे म्हणाला.

काळ्या अक्षरांच्या पत्रकात एकच नाव लालभडक! संध्याकाळी भोजराजभाऊंचा फोन आलाच. ‘‘अध्यक्ष मी आहो का तो?’’ रश्मी चूक कबूल करणार, तोच ते म्हणाले, ‘‘सुकराम सांगून राहिला, मशीनच तशी हाये म्हनून. तसं हाये का?’’ सुकरामने तिची चूक कोणापाशीच उघडी केली नव्हती. केली असती, तर चाळीस गावांतली निम्मी तरी दुसऱ्या दाराला गेली असती. त्या माणसाचे उपकार कसे फेडावेत तिला कळेना.

तिने मग एक केलं. चंद्रशेखर सरांना बसवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं: चौकटीत ओळ मावली नाही तर छपाईची फाईल बनवण्याआधी आम्हाला थांबवा, आमच्याकडे शेवटच्या ओळीत माणूस असतो. आठ दिवसांत उत्तर आलं. कुठल्याशा थंड देशातला माणूस, त्याचं नाव रश्मीला धड उच्चारता येईना, आणि त्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने चिचटोल्याचं पत्रक मागवलं आणि त्यावरच काम सुरू केलं. त्याने आधी बनवलेली धोक्याची सूचना रिकाम्या ओळीलाही ओरडायची, रश्मीने कळवलं. मग ती दोन चौकटी जोडल्या की गप्प बसायची, तेही कळवलं. पाच महिने पत्रं चालली. एकदाही तो माणूस कंटाळला नाही, आणि एका पैशाची गोष्ट निघाली नाही. आपल्या एवढ्याशा दुकानासाठी परक्या मुलखातलं कोणी जागं राहतं, हे तिला कितीदा आठवलं तरी भरून यायचं.

पुढच्या दिवाळीला चिचटोल्याची यादी आली. तिच्यात सुकराम नव्हता. रश्मीने तडक भोजराजभाऊंना फोन लावला. ‘‘काकांचं नाव काऊन काढलं?’’

‘‘त्यानंच काढाले लावला. म्हने, माहा पोरीनं पाहून घेतला, झालं. आता नाटकाची जागा सारवते त्या नंदाबाईचा टाका.’’

रश्मीने नंदाबाईचं नाव टाकलं. फाईल बनवायची कळ दाबली आणि सॉफ्टवेअर थांबलं. एका चौकटीत एक ओळ उरली आहे, म्हणालं. तिने पाहिलं, नंदाबाईच उरली होती. ‘‘भलं होवो रे बाबा तुझं,’’ ती त्या न उच्चारता येणाऱ्या नावाच्या माणसाला मोठ्याने म्हणाली, आणि चौकट वाढवली.

गठ्ठा न्यायला सुकरामबरोबर नंदाबाई स्वतः आली. तिला अक्षरओळख नव्हती. सुकरामनेच एकेक अक्षर लावत तिचं नाव वाचून दाखवलं, जरा अडखळत, पण बरोबर. तिने पत्रक घडी न घालता पिशवीत ठेवलं आणि रश्मीला म्हणाली, ‘‘बाई, मंडईले माह्या घरी जेवाले ये. नाई म्हनू नको.’’

एवढ्या वर्षांत एवढ्या गावांची निमंत्रणं रश्मीने छापली होती. तिला ये म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.